काडकन, तडा, तडतड : इंग्रजी ‘क्रॅक’ वाक्यात नेमका कसा बसवायचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमातल्या पोराला ‘फांदी काडकन मोडली’ हे इंग्रजीत सांगायला लावा. बहुतेक वेळा ‘द ब्रँच ब्रोक’ एवढंच उत्तर येतं. वाक्य चूक नाही, पण त्यातलं ‘काडकन’ गळून पडलं. एखादा धीट असेल तर ‘द ब्रँच क्रॅकली ब्रोक’ असं ठोकून देतो, आणि तसं क्रियाविशेषण इंग्रजीत नाहीच.

गोची कुठं होते ते आधी पाहू. मराठीत आवाज क्रियापदाच्या अलीकडे वेगळा शब्द होऊन बसतो: काडकन मोडली, धाडकन आपटलं, खटकन लागलं. कानावर रोज पडणाऱ्या कन्नडातही तीच तऱ्हा आहे. आवाज काढायचा, त्याला ‘अंत’ लावायचं आणि पुढं क्रियापद म्हणायचं: ‘धप् अंत बिद्द’. दोन्ही भाषांची सवय एकाच दिशेची असल्यामुळं सीमाभागातला विद्यार्थी इंग्रजीतही आवाजासाठी क्रियाविशेषण शोधत बसतो. इंग्रजी मात्र आवाजालाच क्रियापद करते, ‘द ब्रँच क्रॅक्ट’, किंवा त्याचं नाम करून वाक्याच्या शेवटी ठेवते, ‘द ब्रँच ब्रोक विथ अ लाउड क्रॅक’. यातला दुसरा साचा पक्का पाठ करा. मराठीतल्या ‘-कन’ला तो बऱ्याच ठिकाणी चालतो: धाडकन म्हणजे ‘विथ अ बँग’, खटकन म्हणजे ‘विथ अ क्लिक’, पाण्यात डुबकन पडलं तर ‘विथ अ प्लॉप’.

एक सावधगिरी. ‘-कन’ दिसलं की आवाज असतोच असं नाही. पटकन, चटकन, झटकन यांतला आवाज कधीच विरून गेलाय, उरलाय तो फक्त वेग. तिथं ‘क्विकली’ म्हणा. ‘ताडकन उठला’ यातही आवाज नाही, तो ‘स्प्रँग अप’. आणि ‘ती काडकन बोलली’ याला ‘शी क्रॅक्ट’ म्हटलंत तर अर्थ होतो ती खचली. डाफरण्याला इंग्रजीत ‘शी स्नॅप्ट ॲट मी’ म्हणतात.

आधी आवाज ओळखा

‘क्रॅक’चा आवाज कोरडा, कडक, तोकडा आणि एकदाच होणारा असतो. वाळलेली फांदी, अक्रोडाचं कवच, आसूड, दुरून ऐकू आलेली बंदूक, लेदर बॉल बॅटच्या मधोमध बसला तर येणारा आवाज, हे सगळं ‘क्रॅक’मध्ये बसतं. टेनिस बॉलला मात्र तो शब्द शोभत नाही. तो मऊ टप्पकन वाजतो, त्याला ‘थड’ किंवा ‘थॉक’ म्हणतात.

शेजारचे शब्दही कानात वेगळे ठेवायला हवेत. कुलूप लागलं, बटण दाबलं तर ‘क्लिक’. पेन्सिल किंवा वाळकी काटकी एका झटक्यात दोन तुकडे झाली तर ‘स्नॅप’. बाटलीचं बूच उडालं तर ‘पॉप’. दार आपटलं तर ‘बँग’. बिजागरी करकरली तर ‘क्रीक’, आणि यात स्वर लांब आहे कारण आवाजही लांब आहे. ‘क्रॅक’ आणि ‘क्रीक’ यांचा गोंधळ घातला तर अर्थ पार बदलतो: ‘द डोअर क्रीक्ट’ म्हणजे दार करकरलं, ‘द डोअर क्रॅक्ट’ म्हणजे दाराला चीर गेली.

आवाज पुन्हा पुन्हा झाला तर? मराठीत आपण शब्द दुप्पट करतो, कड पासून कडकड, तड पासून तडतड. इंग्रजीत शेपूट लागतं आणि ‘क्रॅक’चं ‘क्रॅकल’ होतं. म्हणून फोडणीत मोहरी तडतडते तेव्हा ‘द मस्टर्ड सीड्स क्रॅकल’. सुक्या पानांवर पाय पडला, शेकोटी पेटली, जुना रेडिओ खरखरला, सगळीकडे ‘क्रॅकल’. पाककृती लिहिताना ‘वेट टिल द मस्टर्ड सीड्स क्रॅक’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला समजेल, पण नुसता दाणा तडकल्याचं चित्र उभं राहतं, तडतड ऐकू येत नाही.

विजेच्या बाबतीत दोन्ही भाषांची वाटणी निराळी आहे. वळवाच्या पावसात आपल्याकडे कडाडते ती वीज. इंग्रजीत वीज चमकते, ‘लाइटनिंग फ्लॅशेस’, आणि आवाज करतो तो ‘थंडर’. त्यामुळं ‘वीज कडाडली’ याचं इंग्रजी ‘थंडर क्रॅक्ट’ किंवा ‘देअर वॉज अ क्रॅक ऑफ थंडर’. लांबून येणाऱ्या गडगडाटाला ‘क्रॅक’ लावू नका, तो ‘रंबल’. अगदी डोक्यावर, कानठळ्या बसवणारा असेल तरच ‘क्रॅक’.

रूपं आणि उच्चार

स्पेलिंग सी-आर-ए-सी-के. क्रियापद नियमित आहे, भूतकाळात ई-डी लागतं. पण ते ‘क्रॅकेड’ असं दोन अवयवांत (सिलेबल्समध्ये) म्हणायचं नसतं. ‘क’च्या ध्वनीनंतर ई-डीचा उच्चार ‘ट’ होतो, म्हणून एका झटक्यात ‘क्रॅक्ट’. ‘वॉक्ट’, ‘कुक्ट’, ‘लुक्ट’ तसंच हे. गोंधळ वाढवायला ‘क्रुकिड’ आणि ‘विकिड’ अशी दोन अवयवांची विशेषणं आहेत, पण ती अपवादातली. अनेकवचनी ‘क्रॅक्स’मध्ये शेवटी ‘स’, ‘झ’ नव्हे.

आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर कन्नड लिपीत हा स्वर ‘य’ जोडून लिहितात, जसं ‘ब्यांक’. त्याच वळणानं ‘क्र्याक’ असा उच्चार तोंडात बसतो. कळतो सगळ्यांना, पण तोंडी परीक्षेत ‘य’ काढून टाका.

वाक्याचे साचे

वस्तू आपोआप तडकली तर वस्तू कर्ता: ‘द ग्लास क्रॅक्ट’. कुणी तडकवली तर माणूस कर्ता आणि वस्तू कर्म: ‘आय क्रॅक्ट द ग्लास’. मराठीत तडकणे-तडकवणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या लागतात. इंग्रजीला एकच रूप पुरतं, म्हणून ‘मेड इट क्रॅक’ वगैरे खटाटोप नको. थंडीतल्या सकाळी गार काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतला, आतली बाजू आधी फुगली, बाहेरची तशीच राहिली आणि काच तडकली. हे सांगायला ‘द ग्लास क्रॅक्ट व्हेन आय पोअर्ड हॉट टी इन्टू इट’ एवढं पुरेसं.

नाम म्हणून वापरताना ‘अ’ किंवा ‘द’ विसरू नका, कारण तडा मोजता येतो: ‘देअर इज अ क्रॅक इन द वॉल’. चूक सगळ्यात जास्त होते ती इथल्या शब्दयोगीत. आपण म्हणतो ‘भिंतीला तडा गेला’, तो ‘-ला’ उचलून पोरं ‘क्रॅक टू द वॉल’ लिहितात. काही जण ‘ऑन द वॉल’ लिहितात, कारण तडा वरून दिसतो. पण तडा भिंतीच्या आत शिरलेला असतो, म्हणून ‘इन’. भेग, चीर, तडा या सगळ्यांना हा एकच शब्द चालतो. गिलाव्यावर केसाएवढी रेघ दिसली तर ‘हेअरलाइन क्रॅक’. दोन फळ्यांमधली मुळात ठेवलेली फट असेल तर मात्र ‘गॅप’.

विशेषण हवं तर ‘क्रॅक्ट’: क्रॅक्ट स्क्रीन, क्रॅक्ट हील्स, उन्हाळ्यात निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात पडतात तशी ‘क्रॅक्ट अर्थ’. ‘माय मोबाइल इज क्रॅक’ हे चूक, ‘द स्क्रीन इज क्रॅक्ट’ हे बरोबर. आणि ऐकण्याचा साचा: ‘आय हर्ड द ब्रँच क्रॅक’. इथं ‘हर्ड’मध्ये भूतकाळ आलाच आहे, पुढं मूळ रूपच ठेवायचं.

फुटणे, मोडणे, फोडणे

खरी मेख इथं आहे. मराठीतलं ‘फुटणे’ फार मोठा प्रदेश व्यापतं आणि शब्दकोशात त्याच्यासमोर ‘बर्स्ट’, ‘ब्रेक’, ‘क्रॅक’ असे तीन-चार शब्द एका ओळीत दिसतात. निवडायचं कसं? वस्तूचं पुढं काय झालं ते विचारा. रेघ उमटली पण वस्तू अजून एकसंध आहे, तर ‘क्रॅक’. तुकडे वेगळे झाले तर ‘ब्रेक’. चक्काचूर झाला तर ‘शॅटर’. आत दाब होता म्हणून फुटलं, म्हणजे फुगा, टायर, नळाचा पाइप, तर ‘बर्स्ट’. म्हणून कप हातातून पडला आणि नुसती रेघ गेली तर ‘द कप क्रॅक्ट’, कान तुटून बाजूला पडला तर ‘द हँडल ब्रोक ऑफ’. पेपर फुटला तर यातलं काहीच नाही, तो ‘लीक’ झाला. घाम फुटण्याचा तर इथं संबंधच नाही.

‘फोडणे’ही असंच. अंडं फोडायचं तर ‘क्रॅक ॲन एग’, अक्रोड फोडायचा तर ‘क्रॅक अ वॉलनट’, कारण दोन्हीकडे कवच तडकवून आतलं काढायचं असतं. ‘बर्स्ट द एग’ म्हटलंत तर अंड्याचा स्फोट होतो. देवापुढं नारळ फोडला तर ‘ब्रोक अ कोकोनट’ सरळ बसतं. नेमकं हवं तर ‘क्रॅक्ट ओपन अ कोकोनट’. भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या तर ‘शेल’. फटाके फोडण्याला आपल्या देशात ‘बर्स्ट क्रॅकर्स’ म्हणतात आणि इथं ते कुणालाही कळतं. बाहेरच्या वाचकासाठी ‘सेट ऑफ फायरक्रॅकर्स’ लिहा, कारण नुसत्या ‘क्रॅकर’चा अर्थ तिकडे कुरकुरीत खारं बिस्किटही होतो.

‘बोटं मोडणे’ हा शब्दशः भाषांतर करणाऱ्यांसाठी खड्डा आहे. ‘शी ब्रोक हर फिंगर्स’ म्हणजे हाडं मोडली, प्लास्टर घालावं लागणार. बोटांच्या सांध्याला ‘नकल’ म्हणतात, म्हणून ‘शी क्रॅक्ट हर नकल्स’. पण कुणाच्या नावानं बोटं मोडली असतील तर आवाज सोडून द्या आणि ‘कर्स’ वापरा.

आवाजाच्या बाबतीतही तसाच फरक आहे. वयात येताना पोराचा आवाज फुटतो, म्हणजे कायमचा बदलतो: ‘हिज व्हॉइस हॅज ब्रोकन’. भाषण करताना, रडू आवरताना तो क्षणभर चिरकतो तेव्हा ‘हिज व्हॉइस क्रॅक्ट’.

माठ आणि हातोडा

माठ घेताना बोटाच्या पेरानं ठोकून पाहायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. खानापूरची माती आणि तिथली कुंभारकी आपल्या भागात नावाजलेली, तरी चांगल्या भट्टीतूनही एखादा माठ चिरलेला निघतो. डोळ्यांना तडा दिसत नाही, पण गिऱ्हाईक कान लावतं आणि म्हणतं, ‘मावशी, ह्यो बद्द वाजतोय की, दुसरा द्या.’ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत ओतीव भागावर हलका हातोडा मारून बघतात तेही याचसाठी. धड भाग खणखणतो आणि नाद थोडा वेळ रेंगाळतो. आत चीर असेल तर कंपनं तिथं अडतात आणि आवाज लगेच मरतो.

वाक्यरचनेसाठी यातून एक बारकावा मिळतो. ‘क्रॅक’ हा तडा जातानाचा आवाज आहे. तडा गेल्यानंतरची वस्तू ‘क्रॅक’ असा आवाज करत नाही. माठ ठोकून सांगायचं तर ‘अ गुड पॉट रिंग्ज, अ क्रॅक्ट पॉट साउंड्स डल’. इथं ‘क्रॅक्ट’ फक्त अवस्था सांगतं, आवाजाचं काम ‘रिंग’ आणि ‘डल’ करतात.

याच तडकलेल्या मडक्यावरून इंग्रजीत चक्रम माणसाला ‘क्रॅकपॉट’ म्हणतात. आपल्याकडे ‘तो जरा क्रॅक आहे’ असं बोललं जातं आणि नेमकं तेच इंग्रजीत उलटं पडतं. नामाआधी विशेषण म्हणून आलेल्या ‘क्रॅक’चा इंग्रजीत अर्थ अव्वल, कसलेला असा आहे. ‘अ क्रॅक शॉट’ म्हणजे अचूक नेमबाज, ‘क्रॅक ट्रूप्स’ म्हणजे निवडक सैन्य. तेव्हा शेजाऱ्याला ‘ही इज अ क्रॅक प्लेअर’ म्हणालात तर ती शिफारस झाली. चक्रमपणा सांगायचा तर ‘एक्सेंट्रिक’ सभ्य, ‘क्रेझी’ मोकळाढाकळा. ‘क्रॅक’ हे एका अंमली पदार्थाचंही नाव आहे, म्हणून अनोळखी परदेशी माणसाशी बोलताना ‘ही इज ऑन क्रॅक’ असली थट्टा टाळलेली बरी.

जोडीनं येणारे शब्द

‘क्रॅक डाउन’ला पुढं ‘ऑन’ लागतोच: ‘द पोलीस क्रॅक्ट डाउन ऑन इल्लीगल लिकर’. क्रियापद असताना दोन शब्द, नाम असताना जोडून एक शब्द, ‘अ क्रॅकडाउन’. बातमीचं इंग्रजी वाचताना हा फरक रोज दिसेल.

‘क्रॅक अप’ म्हणजे हसून लोटपोट होणं. हसवणारा वेगळा असेल तर सर्वनाम मध्ये घाला, ‘दॅट जोक क्रॅक्ट मी अप’. ‘क्रॅक्ट अप मी’ चालत नाही. जोकच सांगायचा असेल तर ‘क्रॅक अ जोक’. दडपणाखाली कोसळणं म्हणजे ‘क्रॅक अंडर प्रेशर’, चौकशीत तोंड उघडणंही ‘क्रॅक’.

‘गेट क्रॅकिंग’ म्हणजे चला, लागा कामाला. हे बरोबरीच्या माणसाला म्हणावं, हेडमास्तरांना नव्हे. ‘हॅव अ क्रॅक ॲट इट’ म्हणजे प्रयत्न करून बघ. ‘फॉल थ्रू द क्रॅक्स’ सरकारी कामात कामी येतो: अर्ज दिला, पोचही मिळाली, पण दोन खात्यांच्या मध्ये कुठंतरी राहून गेला, तर ‘माय ॲप्लिकेशन फेल थ्रू द क्रॅक्स’. इथं ‘क्रॅक्स’ अनेकवचनीच. ‘ॲट द क्रॅक ऑफ डॉन’ म्हणजे तांबडं फुटताना, आणि योगायोगानं ‘फुटणे’ इथं बरोबर जुळतं. यातले ‘ॲट’ आणि ‘द’ दोन्ही ठेवा. ‘लीव्ह द विंडो ओपन अ क्रॅक’ म्हणजे खिडकी बोटभर उघडी ठेव. अमेरिकेत ‘क्रॅक द विंडो’ एवढ्यावरही भागतं, पण आपल्याकडच्या ड्रायव्हरला तसं सांगितलंत तर तो काचेकडं बघेल.

परीक्षा ‘क्रॅक’ करणं

एसएसएलसी (दहावी), पीयूसी (बारावी) झाल्यावर ज्या क्लासची जाहिरात बघाल तिथं हा शब्द असतो. ‘शी क्रॅक्ट द यूपीएससी’ हे भारतीय इंग्रजीत अगदी रुळलेलं आहे. मुळात ‘क्रॅक अ कोड’, ‘क्रॅक अ केस’, म्हणजे अवघड कवच फोडून आतलं उत्तर काढणं. ते परीक्षेला लागलं. म्हणून सोप्या चाचणीला ‘क्रॅक’ म्हणू नये, विचित्र वाटतं. बायोडेटात आणि अर्जात ‘पास्ट’ किंवा ‘क्वालिफाइड’ लिहा. परदेशी मुलाखतकाराला ‘आय क्रॅक्ट द इंटरव्ह्यू’ सांगण्यापेक्षा ‘आय गॉट द जॉब’ जास्त स्पष्ट. आणि पेपर बरा गेला एवढंच म्हणायचं असेल तर ‘इट वेंट वेल’ पुरे, निकालाआधी ‘क्रॅक’ नको.

हात बसवण्यासाठी

खालची वाक्यं कागदावर इंग्रजीत लिहा आणि मगच उत्तरांकडे वळा. खाटेचा गात काडकन मोडला. पावसाळ्यात भिंतीला तडे गेले. कढईत मोहरी तडतडली. दोन अंडी फोड. वीज कडाडली आणि लाइट गेली. टायर फुटला. आत्यानं कानशिलावर बोटं मोडून बाळाची दृष्ट काढली.

आता ताळा. ‘द कॉट फ्रेम ब्रोक विथ अ क्रॅक’. नुसतं ‘क्रॅक्ट’ लिहिलं असेल तर गात चिरला पण मोडला नाही असा अर्थ निघतो. ‘क्रॅक्स अपिअर्ड इन द वॉल्स ड्युअरिंग द रेन्स’, ‘इन’ तपासा. ‘द मस्टर्ड सीड्स क्रॅकल्ड’. ‘क्रॅक टू एग्ज’. ही आज्ञा आहे, पुढं कर्म थेट येतं. ‘देअर वॉज अ क्रॅक ऑफ थंडर ॲण्ड द पॉवर वेंट’. ‘लाइट’ला ‘पॉवर’, नाहीतर बल्ब उडाल्यासारखं वाटेल. ‘द टायर बर्स्ट’; भूतकाळातही ‘बर्स्ट’च राहतं, ‘बर्स्टेड’ होत नाही. शेवटच्या वाक्यात अडखळलात तर नवल नाही, कारण ही रीतच इंग्रजीत नाही. तिथं कृती आणि हेतू दोन्ही सांगावे लागतात: ‘माय आंट क्रॅक्ट हर नकल्स अगेन्स्ट हर टेंपल्स टू वॉर्ड ऑफ द ईव्हिल आय फ्रॉम द बेबी’. ‘टेंपल्स’ म्हणजे इथं कानशिलं, देवळं नव्हेत.